अकोल्याचे सुधारक ओलवे आणि जवळून काढलेले फोटो

आजचा विषय आहे फोटो. रेडिओवर फोटोबद्दल बोलायचं म्हणजे चिठ्ठीतून भाकरीचा वास धाडण्यासारखं आहे, हे आम्हाला कळतं. तरी बोलणार आहोत. कारण गेल्या काही वर्षांत आपल्या बचत गटांतल्या बायांचे जेवढे फोटो निघाले, तेवढे आपल्या आज्या-पणज्यांचे सगळ्या पिढ्या मिळून निघाले नसतील. कर्जाचा धनादेश घेताना, पापडाच्या स्टॉलवर, प्रशिक्षणाला, झाड लावताना. एक फोटो हजेरीला, एक अहवालाला, एक वरच्या ऑफिसला. एका बैठकीत आम्ही असे चाळीसेक फोटो एकामागून एक दाखवले. सगळ्या फोटोंत बाया रांगेत उभ्या, मध्ये पाहुणे, मागे बॅनर. गटातल्या एका म्हाताऱ्या मायनं डोळे बारीक करून विचारलं, "काहून व, याच्यात मी कोनती होय?"

हसू आलं सगळ्यांना. पण प्रश्न साधा नव्हता. आपला फोटो असून आपणच सापडत नाही, असं का होतं? आणि ज्यात माणूस सापडतो, तो फोटो कसा काढलेला असतो? हे समजून घ्यायला आम्ही एका माणसाच्या कामाकडे वळलो. तो माणूस आपल्याच वऱ्हाडातला आहे.

सुधारक ओलवे यांचा जन्म १९६६ चा, अकोल्याचा. १९८८ पासून त्यांनी मुंबईत वर्तमानपत्रांसाठी फोटो काढले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर म्हटलं की मंत्री, क्रिकेट, सिनेमा, मोर्चे असं रोजचं काम. ते त्यांनी केलंच. पण त्यांचं नाव झालं ते वेगळ्याच कामामुळे. मुंबई महापालिकेचे जे सुमारे तीस हजार सफाई कामगार, त्यांच्यामागे हे कॅमेरा घेऊन गेले. एका दिवसाची बातमी करून थांबले नाहीत, वर्षानुवर्षं जात राहिले. पहाटेच्या हजेरीला, कचऱ्याच्या गाडीवर, गटाराच्या तोंडाशी, आणि काम संपल्यावर त्यांच्या घरी. हे फोटो काळे-पांढरे आहेत. २००५ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकच्या फोटो-स्पर्धेत जगभरातून ज्या चौघांना मान मिळाला त्यांत ओलवे होते, आणि हे काम अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि वॉशिंग्टनला लागलं. पुढे त्याचं पुस्तकही निघालं. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ आहे, सन्मान आणि न्यायाच्या शोधात.

आता एक फोटो डोळ्यांपुढे आणा. गटाराचं झाकण उघडं, आत काळं पाणी, आणि त्या पाण्यात छातीपर्यंत उतरलेला माणूस. हातमोजे नाहीत, तोंडाला काही नाही. अंगावर घाण आणि ओल अशी की कातडी कुठे संपते आणि गाळ कुठे सुरू होतो ते कळत नाही. असा फोटो रस्त्याच्या पलीकडूनही काढता येतो. लांबचं ओढून जवळ दाखवणारी भिंगं मिळतात. पण लांबून काढलेल्या फोटोत माणूस त्या जागेचा एक तुकडा होतो, खांबासारखा, झाडासारखा. ओलवेंच्या फोटोंत तो माणूस आपल्याकडे बघतो. चेहऱ्यावरचा थकवा, कपाळाची रेघ दिसते. म्हणजे फोटो काढणारा त्या गटाराच्या काठावर, त्याच वासात उभा होता. आणि आतला माणूस त्याला ओळखत होता, नाहीतर त्यानं मान फिरवली असती. परक्या माणसानं कॅमेरा काढला की आपण पदर सावरतो, हसू आणतो किंवा तोंड लपवतो. हे तिन्ही ज्यात नाही, तो फोटो ओळखीतून आलेला असतो.

जवळून काढणं म्हणजे नुसतं अंतर कमी करणं नव्हे. घरातले फोटो पाहिले की ते पटतं. दहा बाय दहाची खोली, खाटेवर पसरलेला माणूस, चुलीपाशी बायको, अभ्यासाला बसलेलं लेकरू. गटारातला माणूस घरी गेल्यावर कोणाचा बाप आहे, कोणाचा नवरा आहे, हे कळलं की पहिला फोटो पुन्हा वेगळा दिसतो. आमच्या मते ओलवेंच्या कामाचा सगळा जोर या दोन फोटोंच्या मधल्या जागेत आहे.

या कामगारांत बायाही आहेत, आणि त्यांची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. आपल्या राज्यात सफाई कामगार वारला किंवा निवृत्त झाला की त्याच्या वारसाला ती नोकरी देण्याची तरतूद आहे, लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून आलेली. त्यामुळे नवरा दारूनं, टीबीनं किंवा गटारातल्या वायूनं गेला की बायकोच्या हाती झाडू येतो. नोकरी मिळते आणि ज्यानं नवरा नेला तेच काम मिळते. नोकरी कायमची, पगार महिन्याचा, म्हणून नाकारवतही नाही. हे कामगार जवळपास सगळे दलित समाजातले. जात आणि काम असं पिढीजात गाठीनं बांधलेलं.

फोटोंमुळे कायदे बदलतात असं आम्ही म्हणणार नाही. डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी १९९३ च्या कायद्यानं आली. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना १० लाख द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं, आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. यामागे सफाई कामगारांच्या स्वतःच्या संघटनांची लढाई आहे. पण ज्याला कोणी पाहतच नाही त्याच्यासाठी लढणं कठीण जातं, आणि पाहायला लावायचं काम या फोटोंनी केलं.

आता थोडं मागे जाऊ. फोटोची कला जगापुढे आली १८३९ मध्ये, फ्रान्सात. आपल्याकडे ती फार उशिरा आली असं नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, आणि ते स्वतः फोटो काढत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. आपलं वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं, म्हणजे साहेबाचं राज्य आणि साहेबाचा कॅमेरा दोन्ही एकाच सुमारास आले म्हणा ना.

त्या कॅमेऱ्यानं काय पाहिलं? १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारनं भारतातल्या लोकांच्या फोटोंचे आठ मोठे ग्रंथ काढले. प्रत्येक फोटोखाली जात, जमात, धंदा, स्वभाव. हे लोक कष्टाळू, ते लोक भांडखोर, असं सरसकट. बहुतेकांची नावं नाहीत. कुणब्याचा नमुना, पारध्याचा नमुना. धान्याचा नमुना बाजारात मुठीत धरून दाखवतात, तसा माणूस. पुढे १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात मद्रासकडे हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं उपाशी माणसांना ओळीनं बसवून फोटो काढले. बरगड्या मोजाव्यात असे. फोटो झाल्यावर त्या माणसांना काही न देता परत पाठवलं, असा आरोप त्याच्यावर त्याच काळात झाला. हे फोटोही काळे-पांढरेच होते, हे लक्षात ठेवा. म्हणजे रंग काढून टाकला की आपोआप माणुसकी येते असं काही नाही.

मग रंग नसण्यानं ओलवेंच्या फोटोंत काय साधलं? एक साधं कारण असं की त्या काळचं वर्तमानपत्राचं काम बहुतेक काळ्या-पांढऱ्यातच होई. छत्तीस फोटोंचा रोल, अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली कागदावर हळूहळू उमटणारं चित्र. हाताला तीच सवय. पण आम्हाला दुसरं कारणही दिसतं, आणि ते तुम्ही तुमच्या गावच्या उकिरड्यावर जाऊन तपासू शकता. आजचा कचरा फार रंगीत असतो. निळ्या पिशव्या, लाल-पिवळे गुटख्याचे पाऊच, चमकीची पाकिटं. रंगीत फोटोत डोळा आधी तिकडे धावतो, ढिगारा जत्रेसारखा दिसतो आणि माणूस मागे राहतो. रंग गेला की प्लॅस्टिक, चिखल, भिंत, सगळं राखेच्या निरनिराळ्या छटांत जातं आणि उजेड फक्त डोळ्यांत आणि घामात उरतो. नजर तिथेच जाते. राखेतून विस्तव वर यावा तसं.

याच्या उलट मताचे लोकही होऊन गेले, तेही मोठे. जयपूरचे रघुवीर सिंग म्हणत की भारत रंगातच पाहायला हवा, रंग हा आपल्या पाहण्यातच मुरलेला आहे. १९९९ मध्ये ते वारले. त्यांचे गंगेचे, मुंबईचे रंगीत फोटो जगभर गाजले. आम्हाला विचाराल तर त्यांचंही खरं आहे. आपल्या पोरींची भुलाबाई काळ्या-पांढऱ्यात काढली तर तिच्यात काय राहील? पोळ्याच्या बैलाची झूल, हळदीचं अंग, याला रंगच पाहिजे. गोष्ट अशी की रंग कुठे बोलू द्यायचा आणि कुठे गप्प बसवायचा, हे काढणाऱ्याला कळायला हवं. भाजीत तिखट किती हे जसं हातानं कळतं. आपल्या मोबाईलमध्ये हल्ली उलटंच चाललंय. बटण दाबलं की चेहरा गोरा, ओठ गुलाबी, सुरकुत्या गायब. पऱ्हाटीच्या वावरात वीस वर्षं उन्हात राबलेल्या बाईचा चेहरा मोबाईल दोन सेकंदांत पुसून टाकतो.

रंगाची एक गंमत सांगतो. घरी पणजीचा, आजीचा खूप जुना फोटो असेल तर नीट पाहा. कपाळावरचं कुंकू काळं दिसेल, लुगडंही काळं दिसेल. घरात म्हणतात, आजीनं काळं लुगडं नेसून फोटो काढला. तसं नसावं. जुन्या काळच्या काचांना आणि फिल्मला लाल रंग दिसतच नसे, तो काळा उमटे. ते लुगडं बहुधा लालच असेल. काही स्टुडिओवाले मग फोटोवर हातानं रंग भरून देत. ओठाला लाल, दागिन्याला पिवळा.

झाडूचा विषय निघाला की आपल्या वऱ्हाडात एकच चेहरा आठवतो. गाडगेबाबा. जन्म १८७६ चा, शेंडगावचा, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातला. बालपण गेलं मामाकडे, अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्याला. अमरावती-अकोला दोन्ही जिल्ह्यांचा माणूस. त्यांचे जुने फोटो पाहा. चिंध्यांचा अंगरखा, हातात झाडू, गाडग्याचं खापर, वाढलेली दाढी. त्यात सजावट काही नाही. आता तेच चेहरे कॅलेंडरवर आणि बॅनरवर भडक रंगात येतात, गालाला गुलाबी, मागे सोनेरी वलय. पाया पडू पाहणाऱ्याला दूर सारणाऱ्या माणसाच्या डोक्यामागे वलय! २०००-०१ मध्ये सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं आणि आपण सगळ्यांनी गल्ल्या झाडल्या. साधारण त्याच काळात ओलवे मुंबईत त्यांच्यामागे फिरत होते, जे अभियान असो-नसो रोज झाडतात आणि ज्यांचा झाडू कोणी पूजत नाही.

कॅमेऱ्यामागे बाई कधी आली हेही सांगायला हवं. होमाई व्यारावाला, जन्म १९१३, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. भारतातली पहिली बाई वृत्तछायाचित्रकार. १६ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर झेंडा चढला तो त्यांनी टिपला, गांधीजींची अंत्ययात्रा टिपली. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून, पुरुषांच्या घोळक्यात. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून येत ते मात्र नवऱ्याच्या नावानं. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायांना हे समजावून सांगायला नको. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या ९७ वर्षांच्या होत्या.

आणि आता आपल्या दाराशी येऊ. २००५-०६ च्या सुमारास आपल्या जिल्ह्यांत कॅमेरे यायला लागले. कापसाचे भाव, कर्ज, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं. त्या काळात एक फोटो ठरून गेला. दारात बसलेली विधवा, मांडीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो, शेजारी लेकरू, आणि शक्य झाल्यास डोळ्यांत पाणी. तुम्ही पाहिला आहे तो. त्यातल्या काही बाया आपल्या गटांत आहेत. एकीनं आम्हाला सांगितलं, "तीन वेगळे लोक आले, तिघायनंही तोच फोटो भिंतीवरून काढाले लावला. चौथ्या खेपी म्या आधीच काढून ठेवला."

या लोकांच्या मनात वाईट होतं असं नाही. बातम्या आल्या म्हणून सरकार हललं, हेही खरं. पण तो फोटो आठ ग्रंथांतल्या फोटोंचाच भाऊबंद आहे. नमुना. विधवेचा नमुना. त्याच बाईनं पुढे लाखाच्या मदतीसाठी चकरा मारल्या, ज्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. वावर स्वतः केलं, डवरणीला उभी राहिली, सासऱ्याशी भांडून जमिनीवर नाव लावलं. याचा फोटो कोणी काढला नाही, कारण त्यासाठी पुन्हा पुन्हा यावं लागलं असतं. ओलवे कामगारांच्या घरी पुन्हा पुन्हा गेले, म्हणून त्यांना दुसरा फोटो मिळाला.

गावच्या बाईकडे असं थांबून पाहणारे लोक आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून कष्टकरी बायांचे काळे-पांढरे फोटो काढले आणि त्यांचं प्रदर्शन केलं. त्याच्या नावाचा अर्थ, दिसणारं काम आणि न दिसणाऱ्या बाया. ते मोठ्या दालनांपुरतं ठेवलं नाही, मोर्च्यांत, बसस्टँडवर, गावांत नेलं. त्यात एक गोष्ट फार ध्यानात राहते. बाईचं बहुतेक काम वाकून किंवा उकिडवं बसून होतं. लावणी, निंदण, वेचणी, सारवण, झाडणं. आपले रांगेतले फोटो आठवून पाहा, त्यांत आपण सगळ्या ताठ उभ्या असतो.

म्हणून आमच्या गटांनी दोन गोष्टी सुरू केल्या. बाहेरचं कोणी फोटो काढायला आलं की आधी विचारायचं, कशासाठी, कुठे छापणार, आणि खाली नाव लिहिणार का. नाव लिहायचं नसेल, तर ते त्या बाईनं ठरवायचं. एका पाहुण्याला राग आला, चहा न घेता गेले. दुसरे थांबले, दोन तास बसले, शेवया वळताना काढलेला फोटो त्यांनी नंतर आणून दिला. त्या म्हाताऱ्या मायनं तो ट्रंकेत ठेवला आहे.

दुसरी गोष्ट, पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक जुना फोटो आणायचा आहे. आईचा, आजीचा, सासूचा, कोणाही बाईचा. फोटोच्या मागे पेन्सिलीनं तिचं नाव लिहा. माहेरचंही. गाव लिहा, कोणतं काम करायची ते लिहा, साल आठवत असेल तर साल, नाहीतर 'मोठ्या पुराच्या आधी' असं लिहिलं तरी चालेल. पेनानं लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते. फोटो गोंदानं चिकटवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, घाम धरून तो खराब होतो. साध्या कागदाच्या पाकिटात घालून आणा. आणि ज्या घरात एकही फोटो नसेल, त्या तायांनी कोरा कागद आणा. त्यावर फक्त नावच लिहू.